शाहिराची मरणोत्तर कीर्ती : फुगलेले नाव, आकसलेली संहिता

मृत कवीची स्तुती करणे सोपे असते, कारण मेलेला माणूस कोणाचा स्पर्धक उरत नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७६५ साली शेक्सपिअरच्या नाटकांना जोडलेल्या प्रस्तावनेच्या आरंभीच या मानवी खोडीची दखल घेतली होती. तरीही शंभर वर्षे टिकून राहणे ही वाङ्मयीन गुणवत्तेची बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे, असे त्याने मानले. या दोन विधानांत जो ताण आहे तो आपल्याकडे फारसा लक्षात घेतला जात नाही. पहिल्या विधानात काळ फसवतो, दुसऱ्यात तो न्यायाधीश होतो. जॉन्सनला हा ताण पेलता आला, कारण त्याच्यासमोर छापलेली संहिता होती. लेखक गेला, त्याचे मित्र आणि शत्रूही गेले, तरी संहिता वाचकाच्या हाती उरते आणि तिची तपासणी पुन्हापुन्हा करता येते. परंतु ज्या काव्याचे अस्तित्वच कवीच्या गळ्यात, त्याच्या पवित्र्यात आणि समोर बसलेल्या गर्दीत असते, त्या काव्याच्या बाबतीत कवीच्या मृत्यूनंतर तपासायचे तरी काय उरते?

हा प्रश्न माझ्यासमोर पुस्तकातून आला नाही. लाखनीत पदव्युत्तर वर्गाला लोकसाहित्य शिकवत असताना एका विद्यार्थ्याने तो विचारला. विषय कलगी-तुऱ्याचा चालला होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, सिद्धू मूसेवाला जिवंत असता तर एवढा मोठा झाला असता का?” वर्गात हशा पिकला. मला मात्र तो प्रश्न विषयांतराचा वाटला नाही, आणि आजही वाटत नाही. या पंजाबी गायकाची हत्या २९ मे २०२२ रोजी झाली. त्याचे पुढचे गाणे महिना उलटण्यापूर्वीच, २३ जूनला, प्रसिद्ध झाले. लाखनी-साकोलीच्या रस्त्यावरच्या पानटपरीवर ते वाजताना मी स्वतः ऐकले आहे. पंजाबी न समजणारी मुले ते ऐकत होती. त्यांच्या ऐकण्यात गाणे किती आणि मरण किती, हे सांगणे अवघड होते.

अमेरिकेत या प्रकाराला आता तीन दशकांचा इतिहास आहे. तुपाक शकूर १३ सप्टेंबर १९९६ रोजी गोळीबारातील जखमांनी मरण पावला. नोटोरियस बी.आय.जी. ९ मार्च १९९७ रोजी गोळ्यांना बळी पडला आणि त्याचा दुसरा संग्रह अवघ्या सोळा दिवसांनी बाजारात आला. त्या संग्रहाचे नावच मरणानंतरच्या जीवनाविषयीचे होते, आणि ते त्याने स्वतः जिवंतपणी ठरवलेले होते. तुपाकच्या नावावर हयातीत चार एकल संग्रह निघाले, मृत्यूनंतर त्याहून अधिक. २०१२ साली एका संगीत महोत्सवात त्याची प्रकाशप्रतिमा रंगमंचावर उभी करून ‘गाववली’ गेली. येथे कीर्ती कोण फुगवते हे शोधायला समीक्षकाची गरज नाही. शिल्लक ध्वनिमुद्रणे ही मालमत्ता असते आणि मालमत्तेला मालक असतात. परंतु केवळ बाजाराकडे बोट दाखवून प्रश्न सुटत नाही. बाजार तर प्रत्येक मृत गायकाला विकायला तयार असतो. सगळेच विकले जात नाहीत. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या बहुभाषक गटातला, गुजरातीत रॅप करणारा धर्मेश परमार ऊर्फ एमसी तोडफोड २०२२ सालीच, चोविसाव्या वर्षी गेला. त्याच्या मृत्यूने त्याच्या श्रोत्यांना चटका लावला, पण त्याची दंतकथा झाली नाही. तेव्हा मृत्यू ही कीर्तिवृद्धीची पुरेशी अट नव्हे, एवढे तरी लगेच मान्य करावे लागते.

रॅपरकडून शाहिराकडे येताना मी केवळ लयीच्या किंवा शीघ्ररचनेच्या साम्यावर विसंबत नाही. साम्य अधिक खोलवरचे आहे. दोन्ही परंपरांत कवीची प्रतिष्ठा प्रतिस्पर्ध्यासमोर सिद्ध होते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार होते, खडी गंमत होते आणि दोन शाहिरांचे पक्ष समोरासमोर उभे राहतात. एकाने शक्तीची बाजू घेऊन कूट टाकायचे, दुसऱ्याने शिवाची बाजू घेऊन ते सोडवायचे आणि उलट कूट घालायचे. उत्तर सुचले नाही तर त्याच रात्री, त्याच गर्दीसमोर मान खाली जाते. काल लाखनीत गाजलेला शाहीर आज पालांदूरला पडू शकतो. या व्यवस्थेत कीर्ती फुगायला जागा नसते असे नाही. शाहीर स्वतःची बढाई मारतोच, किंबहुना बढाई हा त्या रचनाप्रकाराचा संकेतच आहे. पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांची संख्या दोन लाख सांगितली जाते आणि आपण ती गंभीरपणे उद्धृत करत आलो आहोत. परंतु बढाईला जागच्या जागी उत्तर देणारा माणूस समोर उभा असतो. मृत्यूने नाहीसा होतो तो हा जाब. मेलेल्या शाहिराला कोणी कूट घालत नाही. त्याचा हिशेब फडाकडून निघून दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जातो.

तो कोणाच्या हाती जातो, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. झाडीपट्टीतील बहुसंख्य शाहिरांच्या बाबतीत तो कोणाच्याच हाती जात नाही. ज्यांच्या नावाने एकेकाळी दहा गावांची माणसे बैलबंड्या जुंपून येत, त्यांची नावे शेवटच्या श्रोत्याबरोबर संपतात. त्यांच्या चोपड्या वाळवीला मिळतात, किंवा घर बांधताना भंगारात जातात. त्यांची मरणोत्तर कीर्ती फुगत तर नाहीच, ती जन्मालाच येत नाही. कीर्तीच्या फुगण्याची चर्चा करताना हा मोठा, निनावी भाग नजरेआड होतो, कारण चर्चा नेहमी उरलेल्यांचीच होते.

या प्रश्नाची कसोटी पाहण्यासाठी मराठी शाहिरीच्या इतिहासाने आपल्याला एक विलक्षण जोडी दिली आहे. अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गेले. अमर शेख २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात गेले. दोघांच्या मृत्यूत बेचाळीस दिवसांचे अंतर आहे. दोघे आणि द. ना. गव्हाणकर हे १९४४ साली उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकाचे आधार. पक्ष एक, गिरणगावातला श्रोता एक, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले व्यासपीठ एक. १९६९ सालच्या उन्हाळ्यात मुंबईच्या कामगाराला विचारले असते की या दोघांत मोठा कोण, तर त्याने कोणाचे नाव घेतले असते? अमर शेखांच्या पहाडी आवाजाची मोहिनी लक्षात घेता, उत्तर आज आपण समजतो तितके सरळ आले नसते, असे माझे मत आहे. अण्णाभाऊंच्या रचना मैदानावरच्या हजारोंपर्यंत पोचल्या, त्यात या आवाजाचा वाटा फार मोठा होता.

पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. अण्णाभाऊंच्या नावाने १९८५ साली शासनाचे विकास महामंडळ स्थापन झाले. १९९८ साली त्यांचे निवडक वाङ्मय शासकीय मंडळाने प्रकाशित केले. २००२ साली टपाल तिकीट निघाले, २०२० साली जन्मशताब्दी झाली, २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. भारतरत्नाची मागणी दरवर्षी १ ऑगस्टला नव्याने होते. गावोगावच्या चौकांना त्यांचे नाव आहे. अमर शेखांच्या नावे मुंबई विद्यापीठात अध्यासन आहे, अभ्यासकांत आदर आहे. पण गावोगावचे चौक नाहीत, जयंतीची मिरवणूक नाही. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह आमच्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयात सहजी सापडत नाहीत. गव्हाणकरांविषयी तर बोलायलाच नको.

एकाच पथकातल्या, एकाच वर्षी गेलेल्या दोन शाहिरांच्या मरणोत्तर कीर्तीत हा फरक का पडला? गुणवत्तेचे उत्तर सोयीचे आहे, पण अपुरे आहे. मला दोन कारणे अधिक निर्णायक वाटतात. पहिले कारण माध्यमाचे आहे. अण्णाभाऊंनी पोवाडे, लावण्या आणि वग यांच्यासोबत तीसहून अधिक कादंबऱ्या आणि कथासंग्रह लिहिले. गद्य छापता येते, अभ्यासक्रमाला लावता येते, त्यावर प्रबंध लिहिता येतो. अमर शेखांचे सर्वस्व गळ्यात होते, आणि गळ्याची प्रत काढण्याची आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेला कधी गरजच वाटली नाही. दुसरे कारण दावेदारीचे आहे. अण्णाभाऊंच्या मागे मातंग समाजाची आणि व्यापक दलित चळवळीची जागृत होत जाणारी अस्मिता उभी राहिली. तिला आपल्या इतिहासाचा एक समर्थ लेखक हवा होता आणि तो तिने सन्मानाने घेतला. अमर शेख मुस्लिम कुटुंबात जन्मलेले, कम्युनिस्ट, मराठी शाहीर. त्यांच्यावर हक्क सांगू शकणारा एकच समूह होता, तो म्हणजे गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर तो समूहच विखुरला. ज्याचे श्रोते विखुरले त्याची कीर्ती सांभाळायची कोणी?

येथे मला एका गैरसमजाकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण या विषयात खरी जोखीम तेथेच आहे. अण्णाभाऊंची कीर्ती ‘फुगवलेली’ आहे, असे खाजगीत म्हणणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. छापून तसे कोणी लिहीत नाही; चहाच्या टेबलावर म्हणतात. हा आरोप करणाऱ्यांनी केशवसुतांचे उदाहरण एकदा डोळ्यांसमोर आणावे. केशवसुत १९०५ साली प्लेगने गेले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. हरिभाऊ आपट्यांनी त्यांची कविता पुस्तकरूपाने १९१७ साली, बारा वर्षांनी आणली. आधुनिक मराठी कवितेचे जनकत्व त्यांच्याकडे आले ते त्यांच्या पश्चात, पुढच्या पिढ्यांच्या कवींनी आणि टीकाकारांनी त्यांना पूर्वज म्हणून निवडल्यामुळे. ती कीर्ती सर्वस्वी मरणोत्तर आहे. तिलाही वाहक होते, संपादक होते, पाठ्यपुस्तके होती, एका शिक्षित वर्गाची स्वतःच्या आधुनिकतेला मूळपुरुष शोधण्याची गरज होती. तिला आपण ‘पुनर्मूल्यांकन’ म्हणतो. मर्ढेकरांना साहित्य अकादमीचा पुरस्कार १९५६ साली मृत्यूनंतर मिळाला, तेव्हाही फुगवट्याची शंका कोणाला आली नाही. मग एका समाजाने आपला शाहीर डोक्यावर घेतला की तेवढ्यापुरता आपला शब्दकोश का बदलतो? ‘फुगणे’ या शब्दातच एक गृहीतक लपलेले आहे, की हयातीत मिळालेली कीर्ती ही खरी, आणि नंतरची वाढ खोटी. अण्णाभाऊंच्या बाबतीत हे गृहीतक उघडच कोसळते. ज्या मुंबई सरकारने लाल बावटा पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली होती, त्याच शासनपरंपरेने पुढे त्यांचे वाङ्मय छापले. हयातीतला हिशेब तरी कोठे निर्मळ होता?

आणि हयातीत ते अगदीच उपेक्षित होते, हे मिरवणुकीतले विधानही तपासून घ्यावे लागते. ‘फकिरा’ला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभली, १९६१ साली राज्य पुरस्कार मिळाला, १९६३ साली तिच्यावर चित्रपट निघाला. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले. ते हलाखीत गेले हे खरे. परंतु दारिद्र्य आणि उपेक्षा या एकच गोष्टी नव्हेत. मरणोत्तर कीर्तीला एक करुण पूर्वार्ध लागतो, आणि तो नसेल तेथे ती तो रचून घेते. तुपाकच्या चाहत्यांनी हेच केले, आपणही हेच करतो.

तर मग कीर्ती फुगते की नाही? माझे उत्तर असे : नाव फुगते आणि संहिता आकसते. या दोन क्रिया वेगळ्या नाहीत. नाव जसजसे अधिक लोकांना वाहून न्यायचे असते, तसतशी त्याच्यामागची संहिता हलकी करावी लागते. आज अण्णाभाऊ म्हणजे ‘फकिरा’, एक छक्कड आणि संमेलनाच्या भाषणातले एक वाक्य, एवढेच उरले आहे. ‘अकलेची गोष्ट’ आणि ‘देशभक्त घोटाळे’ या वगांवर गांभीर्याने लिहिलेले किती सापडते? माझ्या मते अण्णाभाऊंची खरी पहिल्या प्रतीची निर्मिती या लोकनाट्यांत आणि काही कथांत आहे. त्यांनी तमाशाच्या गणातला देव काढला, गौळण वगळली आणि बतावणीच्या जागी सावकार, पुढारी, मंत्री आणून बसवले. ही रूपाच्या पातळीवरची क्रांती होती, केवळ आशयाची नव्हे. उलट त्यांच्या कित्येक कादंबऱ्यांत प्रसंग ठोकळेबाज आहेत, नायक एका साच्यातून निघाल्यासारखे वाटतात आणि चित्रपटाची घाई जाणवते. पोटासाठी लिहिणाऱ्याच्या लेखनात हे येणारच. हे लिहिल्याने अण्णाभाऊ लहान होत नाहीत. परंतु मला ठाऊक आहे की असे विधान परिसंवादात करण्यापूर्वी मी सभागृहाकडे पाहतो. फुगलेल्या नावाची किंमत ती ही : समीक्षक गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याने कवीचे सर्वोत्तम लेखनही न वाचलेले राहते. प्रशंसा आणि दुर्लक्ष यांची अशी युती मराठी समीक्षेत नवी नसली, तरी शाहिरांच्या वाट्याला ती अधिक आली आहे.

विलास घोगरे यांच्या बाबतीत ही क्रिया आणखी तीव्र झाली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली आणि चारच दिवसांनी या शाहिराने स्वतःचे जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या २०११ सालच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटामुळे ते नाव महाराष्ट्राबाहेर गेले. तो चित्रपट महत्त्वाचा आहे याबद्दल दुमत नाही, आणि त्यात घोगरे यांचा आवाज जपला गेला हे तर ऋणच आहे. परंतु आज चर्चासत्रांतून जो घोगरे येतो तो जवळजवळ संपूर्णपणे आपल्या मृत्यूचा घोगरे असतो. मृत्यू हेच त्याचे भाष्य, त्याचे शेवटचे कडवे, असे वाचले जाते. आव्हान नाट्य मंचाच्या काळात हा माणूस कोणत्या चालींवर बांधत होता, गद्य कोठे सोडत होता आणि पद्य कोठे धरत होता, मध्येच हिंदीत का शिरत होता, याविषयी एक परिच्छेदही लिहिला जात नाही. शाहिराच्या मरणाचा अर्थ लावणे हे त्याच्या रचनेचा अर्थ लावण्यापेक्षा सोपे असते. कारण मरण एकदाच होते आणि रचनेला दर प्रयोगात नवे तोंड फुटते.

वामनदादा कर्डक यांचे उदाहरण नेमके उलट्या दिशेचे आहे. २००४ साली ते गेले. त्यांची गाणी इतक्या तोंडांतून गेली आहेत की गाणाऱ्याला ती वामनदादांची आहेत हे पुष्कळदा ठाऊक नसते. नाममुद्रेचे कडवे कापले जाते, चाल बदलते, आणि गाणे वस्तीचे होऊन जाते. येथे संहिता फुगली आणि नाव आकसले. यातले चांगले कोणते, हे मला सांगता येत नाही. संपादकाच्या दृष्टीने हा अनर्थ आहे. गाणाऱ्याच्या दृष्टीने कदाचित याहून मोठी कीर्ती नसेल. समर्थांनी कीर्तिरूपाने उरण्याचे सांगितले, पण उरताना नाव बरोबर न्यायचे की नाही, हा प्रश्न लेखनसंस्कृतीला पडतो तितका मौखिक परंपरेला पडत नाही.

समीक्षेपुढचे काम यातून काहीसे स्पष्ट होते. मृत शाहिराला जाब विचारणारा प्रतिस्पर्धी उरला नसेल, तर ती जागा कोणीतरी घ्यायला हवी, आणि ती भक्ताची किंवा खाजगीत नाक मुरडणाऱ्याची असून चालणार नाही. कूट घालणाराच हवा. कलगीवाला तुरेवाल्याला कूट घालतो तेव्हा त्यात वैर असते, पण अनादर नसतो. त्याने समोरच्याची रचना मनापासून ऐकलेली असते, नाहीतर उत्तर देताच येणार नाही.

त्या प्रश्नानंतरच्या आठवड्यात मी वर्गात ‘अकलेची गोष्ट’ वाचायला घेतली. पहिल्या दिवशी ती पडली. मी वाचत होतो आणि मुले लिहून घेत होती. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने, ज्याच्या घरी खडी गंमतीची परंपरा आहे, माझ्या हातातले पुस्तक घेतले. “सर, हे असं नाही म्हणत,” असे म्हणून तो उभा राहिला. दोन पात्रांचे संवाद त्याने झाडीबोलीत फिरवले, एका वाक्यावर थांबला, वर्गाकडे पाहिले आणि हशा वसूल करूनच पुढे गेला. छापील पानावर त्या जागी नुसता पूर्णविराम होता. मूसेवाल्याविषयी विचारणारा मुलगा मागच्या बाकावरून पुढे येऊन बसला होता. तास संपल्यावर त्याने विचारले, की हे लिहिणारा माणूस आणि लाखनीच्या चौकातल्या फलकावरचा माणूस एकच का.